बबनकाकांची कॉफी आणि माझी एस्प्रेसो

कॅम्प ४, उल्हासनगर
१४ जानेवारी २०२५

यशोधरा यांना,
सप्रेम जय भीम.

वर काय लिहावं यावर बराच विचार केला. ‘प्रिय’ लिहिलं तर आगाऊपणा वाटेल आणि ‘माननीय’ लिहिलं तर नळाला पाणी येत नाही म्हणून केलेला अर्ज वाटेल. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. चुकलं असेल तर कळवा, पुढच्या वेळी दुरुस्त करीन.

रविवारी हे स्थळ सुचवणाऱ्या मिलिंदमामांबरोबर आम्ही तुमच्या घरी मांजर्लीला आलो होतो, त्या बघण्याच्या कार्यक्रमात माझं फार बोलणं झालं नाही. निघताना जिन्यात तुम्ही म्हणालात, “काही राहिलं असेल तर कागदावर लिहा. माझा फोन आधी आईकडे, मग मावशीकडे आणि उरला तर माझ्याकडे येतो. पाकीट कुणी फोडलं तर निदान फोडलेलं दिसतं.” म्हणून लिहितो आहे.

राहिलं होतं ते हे. तुम्ही सगळ्यांसमोर मला विचारलंत, “एस्प्रेसो आणि साध्या कॉफीत फरक काय?” मी म्हणालो, “मशीनचा.” सगळे हसले. माझी आईसुद्धा हसली. उत्तर चूक नव्हतं, पण अपुरं होतं. अपुरं उत्तर देऊन मला झोप लागत नाही.

लोकांना वाटतं एस्प्रेसोच्या बिया वेगळ्या असतात. तसं नाही. बी तीच, भाजणंही कधी कधी तेच. फरक दळण्यात आणि दाबात आहे. एस्प्रेसोसाठी कॉफी रव्यापेक्षा बारीक आणि मैद्यापेक्षा जाड दळायची, एका दांड्याच्या वाटीत दाबून सपाट बसवायची, आणि उकळीच्या जरा खालचं पाणी मशीनने त्यातून जोराने ढकलायचं. अर्ध्या मिनिटाच्या आत सगळा खेळ संपतो. शिलाई मशीनला तेल घालताना कुपीतून पडते तशी बारीक, जड धार पडते. तीन-चार घोटांएवढी कॉफी होते, वर तपकिरी फेसाचा थर. दळण जाड झालं तर पाणी पळून जातं आणि कॉफी आंबट लागते. फार बारीक झालं तर पाणी अडतं आणि जळकट लागते. दक्षिणेकडची फिल्टर कॉफी वेगळी, तिथे पाणी स्वतःच्या वजनाने सावकाश झिरपतं. लग्नात स्टीलच्या मशीनमधून फस्सकन वाफ सोडून, वर चॉकलेटची पूड टाकून जी देतात, तिला सगळे एक्सप्रेसो म्हणतात. पण ती वाफेवर तापवलेली साधी कॉफीच. (आमच्या दुकानाच्या पाटीवरही पेंटरने ‘एक्सप्रेसो’ लिहिलं होतं. ते मी खोडून घेतलं.)

आणि साधी कॉफी म्हणजे कारखान्यात आधीच तयार करून वाळवलेली पूड, ती गरम दुधात विरघळवायची. त्यात करणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही.

हे मला कसं माहीत, असं कुणी विचारलं तर: मी अकरावी अर्धी सोडून हरेशशेठच्या जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त करत होतो. दीड वर्षापूर्वी शेठनी अंबरनाथ पूर्वेला कॅफे काढलं आणि इटलीचं जुनं मशीन घेतलं. मी म्हटलं, “शेठ, मला कॉफी येत नाही.” शेठ सिंधी आहेत, सगळ्यांना साईं म्हणतात. म्हणाले, “साईं, मशीन तो मशीन होती है. वो धागा निकालती है, ये कॉफी निकालेगी.” पहिले दोन महिने मी जे काढलं ते त्यांनी एकट्याने प्यायलं. चांगला माणूस आहे.

तुमच्या घरातील सर्वांना जय भीम.

आपला,
सम्यक


मांजर्ली, बदलापूर पश्चिम
२० जानेवारी

सम्यक यांना,
जय भीम.

तुमचं पत्र पाच दिवसांनी मिळालं. एवढ्या वेळात मी चालत जाऊन घेऊन आले असते. असो.

संबोधन ठीक आहे. पत्राबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. तीन पानांत दळण आहे, दाब आहे, इटली आहे, हरेशशेठ आहेत. आमच्या घरी एक मुलगी होती, ती तुम्हाला कशी वाटली यावर एक ओळ नाही. मी औषधांच्या कंपनीत पॅकिंग तपासते. डब्यात माहितीपत्रक आहे आणि गोळ्याच नाहीत, असा माल मी परत पाठवते.

आता खरी गडबड सांगते.

रविवारची कॉफी मी केली नव्हती. आईनेही नाही. बाबांनी केली होती. मुलगा कॉफीवाला आहे, त्याला चहा काय द्यायचा, असं म्हणून स्वतः दूध आणलं, आटवलं, जायफळ किसलं आणि आम्हाला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. आणि तुम्ही अर्धा कप ठेवून गेलात.

तुम्हाला वाटेल अर्ध्या कपाचं काय एवढं. आमच्या इमारतीत आहे. पुराच्या वर्षी नदीचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आलं आणि सगळी बिऱ्हाडं आमच्या मजल्यावर चढली. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीतून नुकतेच रिटायर झाले होते. घरात एक डबा कॉफी आणि दूधपावडर होती. त्यावर त्यांनी रात्रभर अख्ख्या इमारतीला कॉफी पाजली, तान्ह्यांना सोडून. तेव्हापासून आमच्या जिन्यात बाबांची कॉफी कुणी अर्धी ठेवत नाही. वरच्या काकूंना डॉक्टरने बंद केली आहे, त्यासुद्धा घेतलीच तर संपवतात.

तुम्ही गेल्यावर बाबांनी तो कप उचलला, आत बघितलं आणि म्हणाले, “उत्तर आलं.” मिलिंदमामाला फोन करून सांगितलं, “राहू दे, मुलाच्या मनात नाही.” मी म्हटलं, थांबा, पत्र येणार आहे. पत्र आलं. बाबा म्हणाले, वाच. मी मोठ्याने वाचलं. “त्यात करणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही” इथपर्यंत वाचलं आणि बाबा उठून गॅलरीत गेले.

ते वाक्य आधी दिसलं असतं तर गाळलं असतं. सॉरी. पण लिहिलंत तुम्ही.

तर स्पष्ट विचारते. तो अर्धा कप म्हणजे नकार होता का? असेल तर तसं लिहा. मी रडणार वगैरे नाही.

यशोधरा


कॅम्प ४, उल्हासनगर
२४ जानेवारी

यशोधरा यांना,
सप्रेम जय भीम.

नकार नव्हता. हे पहिल्या ओळीत लिहितो आहे, म्हणजे पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पण पुढचं वाचा. आणि कृपा करून मोठ्याने वाचू नका.

कॉफी माझ्या हातात आली तेव्हा कप बशीत होता. माझा हात थरथरत होता. कप बशीवर वाजायला लागला. पहिल्यांदा बारीक वाजला, मग मला तो ऐकू आला म्हणून जास्त वाजला. मिलिंदमामा नोकरीबद्दल विचारत होते आणि माझं लक्ष त्या आवाजाकडे. मी पटकन दोन-तीन घोट घेतले, जीभ भाजली आणि कप टेबलावर ठेवला. पुन्हा उचलायचं धाडस झालं नाही. बाबांनी केली आहे हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बहुतेक आणखी वाजला असता.

कॉफी चांगली होती. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. घरी आल्यावर मी तशी करून पाहिली. दूध आटवलं, जायफळ घातलं. जमली नाही. माझी कडवट झाली आणि जायफळ वर तरंगत राहिलं. आई म्हणाली, “अरे तू कॉफीचं काम करतोस ना?” तर “करणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही” हे माझं वाक्य चूक आहे. शुद्धलेखन बरोबर होतं, म्हणून मला ते लिहिताना खटकलं नाही.

तुमच्या पहिल्या तक्रारीबद्दल. तुमच्याविषयी मी लिहिलं नाही, कारण लिहिलेली प्रत्येक ओळ मला एकतर जाहिरातीसारखी वाटली, नाहीतर चारित्र्याच्या दाखल्यासारखी. एक खरी गोष्ट सांगतो. सगळे हसले तेव्हा तुम्ही हसला नाहीत. तुम्ही उत्तराची वाट बघत होता. ते मी घरी येईपर्यंत विसरलो नव्हतो. अजूनही नाही.

तुमच्या बाबांना, बबनकाकांना, एकदा अंबरनाथला कॅफेत येता येईल का? मी त्यांना स्वतः एस्प्रेसो करून देईन. मशीनचं एक रबर सध्या गळतं आहे, पण आमच्या कॅम्पात त्या मापाचं बनवून देणारा आहे.

आपला,
सम्यक


मांजर्ली
३० जानेवारी

सम्यक यांना,
जय भीम.

मोठ्याने वाचलं नाही. बाबांना एवढंच सांगितलं की नकार नाही आणि त्यांना कॅफेत बोलावलंय. ते म्हणाले, “त्याने माझी अर्धी टाकली, आता मी त्याची पूर्ण प्यायला जाऊ? वा!” म्हणजे येणार नाहीत.

पण मी येऊन गेले.

काल बुधवार, माझी सुट्टी. स्कूटीवरून आले. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, आम्ही बदलापूरच्या मुली गाडीवर बसतो तशा. तुमच्या काउंटरसमोर उभी राहिले आणि म्हटलं, एक एस्प्रेसो. तुम्ही वर बघितलंच नाहीत. कपाकडे बघत म्हणालात, “ताई, ही कडू असते. आधी सांगतो, मागाहून लोक चिडतात.” मी म्हटलं, चालेल. तुम्ही म्हणालात, “साखर बाजूला ठेवतो ताई.”

दोनदा. दोनदा ताई म्हणालात मला. घरी येईपर्यंत हेल्मेटच्या आत हसत होते. सिग्नलला रिक्षावाल्याने विचारलं, “क्या हुआ मॅडम?” काय सांगू त्याला.

मग कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले आणि प्यायले. पहिला घोट म्हणजे कुणीतरी कानाखाली मारावी तसा. दुसरा बरा. तिसऱ्याला कळलं की काहीतरी आहे यात. चौथा नव्हताच, संपली होती. एवढीशी गोष्ट आणि जीभ घरापर्यंत तिच्याबद्दल बोलत होती.

तासभर बसले. तुम्ही एक कॉफी काढलीत, धार बघितलीत, तोंड वाकडं केलंत आणि ओतून दिलीत. गिऱ्हाईक म्हणत होतं, “अरे दे ना भाई, चलेगा,” आणि तुम्ही म्हणालात, “आपको चलेगा, मेरे को नहीं चलेगा.” परत काढलीत. हरेशशेठ गल्ल्यावरून ओरडले, “साईं, दुकान बिकवाएगा तू मेरा!” पण हसत होते. मला ते आवडलं. हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आता मुद्दा. मी तासभर तुमचे हात बघत होते. पॅकिंग तपासणारी बाई आहे मी, बघायचंच काम करते. काठोकाठ भरलेले कप उचललेत, दुधाच्या फेसावर पानाचं चित्र काढलंत, एका म्हाताऱ्या बाईंचा कप टेबलापर्यंत नेऊन दिलात. बशीसकट. एकदाही वाजला नाही.

मग हात आमच्याच घरी का थरथरला? थंडी नव्हती. बाबांनी अजून काही विचारलं नव्हतं. तेव्हा एकतर तुम्ही मला कारण बनवून सांगितलंत, नाहीतर अर्धंच सांगितलंत.

यशोधरा
(ताई नाही)


कॅम्प ४
३ फेब्रुवारी

यशोधरा यांना,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी कॅफेच्या मागच्या बाजूला वाचलं आणि ‘ताई’पर्यंत आल्यावर तिथल्या पिंपावर बसलो. पिंपाला झाकण नव्हतं. बाकी लिहीत नाही.

गिऱ्हाइकाकडे बघायची मला सवय नाही. मी धार बघतो. शेठही म्हणतात की तुझ्यासमोर पोलीस येऊन उभा राहिला तरी तू साखर विचारशील. माफ करा. पण तुम्ही तीन घोट प्यायलात आणि तिसऱ्याला काहीतरी आहे असं वाटलं, ते वाचून मला फार बरं वाटलं. बहुतेक लोक पहिल्यालाच सोडतात.

आता हाताचं. कारण बनवून सांगितलं नव्हतं. अर्धं सांगितलं होतं, हे खरं.

दुकानात एक शॉट, म्हणजे एक एस्प्रेसो, बिघडला तर मी ओततो आणि दुसरा काढतो. दिवसभरात किती वेळा तरी. शेठ ओरडतात, पण दुसरा काढता येतो. म्हणून तिथे हात हलत नाही. तुमच्या घरी आलो तेव्हा आमच्या घरचे जिन्यात सांगत होते, नीट बोल, नीट बस, असं ठिकाण पुन्हा मिळणार नाही. मला ते दार उघडेपर्यंत खरं वाटत नव्हतं. मग तुम्ही बाहेर आलात आणि तो प्रश्न विचारलात. एवढ्या कार्यक्रमांत मला पगार विचारला, खोल्या विचारल्या, दारू पितो का विचारलं. मी जे काम करतो ते काय आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा वाटलं की इथे आपलं बिघडता कामा नये. आणि दुसरा काढता येणार नव्हता.

एवढंच. हेही मोठ्याने वाचू नका.

सोबत बबनकाकांसाठी वेगळी चिठ्ठी आहे. ती मात्र त्यांना द्या. मी ती चार वेळा लिहिली. शेवटची सगळ्यात छोटी आहे.

आपला,
सम्यक


(सोबतची चिठ्ठी)

आदरणीय बबनकाका,
सप्रेम जय भीम.

तुमची कॉफी मी अर्धी ठेवली, ती न आवडल्यामुळे नव्हे. मी घाबरलो होतो आणि कप बशीत वाजत होता. नंतर मी तशी कॉफी घरी करून पाहिली, मला जमली नाही, जायफळ वर तरंगत राहिलं. दूध आधी आटवायचं की जायफळाबरोबर, ते कळलं नाही.

मला ती पुन्हा प्यायची आहे. जमल्यास शिकायचीही आहे.

आपला,
सम्यक


मांजर्ली
६ फेब्रुवारी २०२५

चि. सम्यक यास,
जय भीम.

चिठ्ठी पोचली. अक्षर चांगले आहे. हल्लीच्या मुलांना वेलांटी कुठली द्यावी ते कळत नाही, तुला कळते.

घाबरला होतास ते आधी सांगायचे. मी पण घाबरलो होतो. सकाळपासून दोनदा दूध नासवले, हे घरात कोणाला माहीत नाही. हिला वाटते मांजराने प्यायले.

जायफळ दुधाबरोबर उकळायचे नाही. उतरवल्यावर किसायचे आणि झाकण ठेवायचे. म्हणून तुझे वर तरंगले.

रविवारी ये. स्टीलच्या ग्लासात देईन. बशी ठेवणार नाही.

तुझा,
बबन


कॅम्प ४
१५ फेब्रुवारी

यशोधरा यांना,
सप्रेम जय भीम.

गेल्या रविवारी तुमच्याकडे दोन ग्लास प्यायलो आणि बाबांच्या हाताखाली तिसरा केला, ते सगळं तुम्ही पाहिलंच आहे. तुम्ही पाहिलं नाही ते लिहितो, कारण काल तुम्ही ड्यूटीवर होतात आणि बाबा घरी काही सांगतील असं वाटत नाही.

काल बाबा कॅफेत आले.

काल कोणती तारीख होती ते तुम्हाला माहीत असेल. बाबांना नव्हतं. शेठनी दारावर आणि काउंटरवर लाल फुगे लावले होते, प्रत्येक टेबलावर एक गुलाब आणि प्रत्येक टेबलाला एक जोडपं. त्यात बाबा शिरले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, खिशाला पेन. शेठ पुढे आले आणि म्हणाले, “आइए अंकल! अकेले? आंटी को नहीं लाए?” बाबा म्हणाले, “मी मशीन बघायला आलोय.”

काउंटरशी येऊन मला म्हणाले, “काढ.”

मी काढली. पहिली ओतून दिली. दुसरीही. तिसरी ठीक आली, ती पुढे ठेवली. बाबांनी कपात बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कपात. म्हणाले, “बाकीची कुठे आहे?”

मी म्हटलं, “काका, एवढीच असते.”

“एवढ्यासाठी एवढं मोठं मशीन?”

मग त्यांनी ती एका दमात घेतली. डोळे घट्ट मिटून घेतले. शेजारच्या टेबलावरची मुलगी तिच्या मित्राला म्हणाली, “अंकल ठीक आहेत ना?” शेवटी बाबा म्हणाले, “ही नाइट शिफ्टला मिळाली असती तर तीस वर्षं मी डुलकी काढली नसती.” आणि काउंटरच्या आत आले. शेठ आतमध्ये कुणाला येऊ देत नाहीत, पण बाबांना काही बोलायची त्यांची हिंमत झाली नाही. बाबांनी दाबाचा काटा बघितला, बॉयलरला हात लावून बघितला, रबर कुठलं विचारलं. मी म्हटलं, कॅम्प चारमध्ये बनवून घेतलं. “मूळच्यापेक्षा बरं बसलंय,” म्हणाले. आमचं त्या रबरावर इतकं बोलणं झालं की मागे रांग लागली आणि शेठनी गुलाब वाटून लोकांना थांबवून धरलं.

मग बाबा म्हणाले, “आता आणखी एक काढ. आणि मला कपभर गरम दूध दे, दोन चमचे साखर.” मी दिलं. त्यांनी एस्प्रेसो दुधात ओतली, ढवळली, प्यायले आणि मान हलवली. “आता झाली.”

शेठ म्हणाले, “अंकल, इसको लाटे बोलते हैं.”

बाबा म्हणाले, “आमच्याकडे याला कॉफी म्हणतात.”

त्या दिवशी मी तुम्हाला तीन पानं लिहून फरक सांगितला होता. बाबांनी तो एका चमच्याने ढवळून टाकला.

निघताना त्यांनी पाकीट काढलं. शेठ हात जोडून म्हणाले, “अरे अंकल, आपसे क्या लेना, अपने सम्यक के मेहमान हो.” बाबांनी नोट गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाले, “जावयाच्या दुकानात सासऱ्याने फुकट प्यायची नसते.”

माझ्या हातात दुधाचा जग होता, वाफ चालू होती. मी बंद करायला विसरलो. दूध काउंटरवर, माझ्या चपलांवर, शेठच्या नव्या फुग्यांवर. फुगा फुटला आणि सगळ्या जोडप्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं तो कार्यक्रमाचा भाग आहे. शेठ ओरडत होते, “साईं, दूध! दूध!” आणि बाबा दारातून वळून बघत होते. पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं.

आज मिलिंदमामांचा फोन येऊन गेला. विहारात कोणता रविवार मोकळा आहे ते बघतो म्हणाले. आई आनंदाने दोनदा खाली जाऊन आली, कुणाकुणाला सांगून. मला वाटतं आता सगळं ठरलं आहे. मी अजून पुन्हा पुन्हा तपासून बघतो आहे, कुठे चूक राहिली नाही ना.

आपला,
सम्यक


मांजर्ली
२० फेब्रुवारी

सम्यक यांना,
जय भीम.

चूक राहिली आहे. मोठी आहे.

बाबांनी घरी येऊन खरंच काही सांगितलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, “मुलगा मशीन स्वच्छ ठेवतो.” त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. मग तुमचं पत्र आलं. मी ते आईला वाचून दाखवलं, तिला हसून ठसका लागला. (हे पत्र मोठ्याने वाचू नका असं तुम्ही लिहिलं नव्हतं.) बाबांनी आतल्या खोलीतून विचारलं, “काय चाललंय?” आई म्हणाली, “मांजराने दूध प्यायलं.” त्यांनी दार लोटून घेतलं. कुणाकडून कळलं ते तुमचं तुम्ही ओळखा. बाबांनी तुम्हाला लिहिलेली चिठ्ठी पोस्टात मीच टाकली होती, आणि पाकीट बाबांनी चिकटवलं नव्हतं.

तेव्हा बाबा तयार आहेत, आई तयार आहे, मिलिंदमामा रविवार शोधतोय, तुमची आई जिना चढते-उतरते आहे. हरेशशेठनी बहुतेक फुगे जपून ठेवले असतील. वरच्या काकूंनी साडी कुठली नेसायची तेही ठरवलंय.

रात्री आईने सहज म्हटलं, “मग काय, झालं तुझं.” तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी उठून तुमची सगळी पत्रं काढली आणि पहिल्यापासून तपासली, कंपनीत माल तपासते तशी. त्यांत बाबांना विचारलंय की कॉफी पुन्हा मिळेल का. शिकवाल का, असंही विचारलंय. मला संबोधन बरोबर आहे का ते विचारलंत. मला माहीत आहे की तुमचा हात का थरथरला. पण ज्यासाठी हे सगळं चाललं आहे, ते तुम्ही मला कुठेही विचारलेलं नाही. एका ओळीतही नाही. कुणीच नाही विचारलं.

रागावून लिहीत नाही. लिहिताना हसते आहे, म्हणून अक्षर असं आलंय.

येत्या बुधवारी मला सुट्टी आहे. महाशिवरात्र आहे, अंबरनाथला जत्रा असेल, मंदिराकडचा रस्ता बंद ठेवतील आणि तुमच्याकडे पाय ठेवायला जागा नसेल. तरी येते. गाडी लांब लावून चालत येईन. स्कार्फ नसेल, गॉगल नसेल. काउंटरसमोर येऊन उभी राहीन. तेवढ्यापुरतं त्या धारेवरून डोळे उचला, मागे कितीही रांग असो, शेठ कितीही ओरडोत, आणि मला विचारा.

उत्तर माझं ठरलेलं आहे. पण प्रश्न ऐकल्याशिवाय ते मी देणार नाही.

यशोधरा